थांबलेले दिवस

“दहा आठवड्यांचं दिसतंय,” डॉ. हजारे म्हणाल्या. “म्हणजे जूनची अखेर, नाहीतर जुलैचे पहिले दिवस. अभिनंदन.”

सानिका येरगुडे तपासणीच्या टेबलावर तशीच पडून राहिली. जून संपत येईपर्यंत ती जमिनीखाली झोपलेली होती आणि तिचा नवरा निनाद मार्चपासून समुद्रावर होता. तिनं हे सांगितलं तेव्हा डॉ. हजारेंनी पुन्हा एकदा मोजमाप घेतलं. आकडा तोच आला. त्यांनी पडदा बंद केला, नर्सला बाहेर पाठवलं आणि खुर्ची ओढून त्या तिच्याजवळ बसल्या.

“कुणाबद्दल काही सांगायचं असेल तर सांगा. इथून बाहेर जाणार नाही.”

“सांगण्यासारखं काहीच नाही, मॅडम. तेच तर म्हणतेय.”

चंद्रपूरचा उन्हाळा पूर्वीही कडकच, पण गेल्या काही वर्षांत तो माणसं मारू लागला होता. पारा पन्नाशीला टेकायचा, वीज पुरायची नाही, आणि घरोघरची म्हातारी माणसं कूलरसमोर बसल्या जागी जायची. त्यावर तोडगा म्हणून उन्हाळी नीज आली. तिचं मूळ ऑस्ट्रेलियातल्या एकिडना नावाच्या प्राण्यात होतं. अंगभर काटे, नळीसारखं तोंड, दातांचा पत्ता नाही. लांब चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी टिपून खाणारा हा जीव. वणवा लागला की तो पळत नाही. जमिनीत किंवा एखाद्या पोकळ ओंडक्यात शिरतो, अंगाचं तापमान उतरवतो, हृदय आणि श्वास अगदी मंद करतो. वर सगळं जळून जातं. पुन्हा खायला मिळू लागेपर्यंत तो बराचसा वेळ असा निपचित पडून काढतो. हे ज्या रेणूच्या जोरावर घडतं तो शास्त्रज्ञांना सापडला, आणि थोडा फेरफार करून तो माणसाला टोचताही येऊ लागला. माणसाचं अंग अठ्ठावीस अंशांवर उतरायचं, नाडी मिनिटाला आठ-दहा ठोक्यांवर यायची. अन्न जवळजवळ लागायचं नाही. फक्त जागा थंड आणि स्थिर हवी. ती चंद्रपूरच्या पोटात आयती होती. बंद पडलेल्या कोळसाखाणींच्या बोगद्यांना पांढरा रंग लागला, खाटा लागल्या, आणि लोक त्यांना निजघर म्हणू लागले.

सुरुवातीला तिथे म्हातारे आणि आजारी जात. मग ज्यांना उन्हाळ्यात काम नाही असे सगळेच जाऊ लागले. सानिका बल्लारपूरच्या शाळेत भूगोल शिकवायची. शाळा मार्चच्या मध्याला बंद व्हायच्या. निनाद समुद्रतळाशी केबल टाकणाऱ्या जहाजावर इंजिनिअर होता. त्या वर्षी तो निघाला, आणि चारच दिवसांनी सानिका आपल्या सासूबाईंबरोबर निजघरात उतरली. ज्योत्स्नाबाईंचं हृदय नाजूक होतं, त्या दर उन्हाळ्यात झोपायच्या. सानिकाची ही दुसरी खेप. उतरण्याआधी सगळ्या बायकांची गर्भतपासणी होई. तिची झाली होती. नाही, असंच उत्तर आलं होतं.

दवाखान्यातून चंद्रपुरातल्या तुकूम भागातल्या घरी येईपर्यंत तिच्या मनात एकच विचार आला होता, आणि तो तिनं पूर्ण होऊ दिला नव्हता. ज्योत्स्नाबाई ओट्याशी ज्वारीचं पीठ मळत होत्या. सानिकानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सासूबाईंचे हात थांबले. आता त्या महिने मोजतील, असं तिला वाटलं. त्यांनी पिठाचे हात तसेच ठेवून स्टुलावर बसून घेतलं.

“मी तिथंच होती ना गं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाजूच्याच खाटेवर. हात लांब केला असता तर लागली असती तू.”

“आई, काही झालंच असेल असं नाही.”

“मग काय झालं? सांग ना, काय झालं असन?”

त्या दुपारी भाकरी झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी निजघराच्या कार्यालयात गेल्या. व्यवस्थापक नम्र होता. बायकांच्या दालनात बायकाच काम करतात, असं त्यानं सांगितलं. ज्योत्स्नाबाईंनी विचारलं, “अन् पंखा बिघडला, वायर जळली तर? तेही बायकाच करतात का?” तो म्हणाला, तेवढ्यापुरते तंत्रज्ञ येतात, सोबत कुणीतरी असतं. कॅमेरे आहेत का? आहेत. त्यांचं चित्रण? पंधरवड्यानंतर ते आपोआप पुसलं जातं. त्यानं सानिकाच्या प्रवेशाच्या वेळची तपासणी पडद्यावर काढून दाखवली. “इथे येताना मॅडम गरोदर नव्हत्या,” तो म्हणाला, “आणि इथे काही घडल्याचा एकही पुरावा नाही. बाहेर गेल्यानंतरचं आम्ही कसं सांगणार?”

बाहेर पडल्यावर दोघी रिक्षात बसल्या. सानिका स्वतःच्या हातांकडे पाहत बसली होती. तीन महिन्यांवर काळ हे हात, हे अंग, कुणाच्या तरी भरवशावर सोडून ती निघून गेली होती. त्या काळातली एकही आठवण तिच्याजवळ नव्हती. त्या झोपेत स्वप्नंसुद्धा पडत नाहीत.

निनादचा फोन रविवारी यायचा. तिनं आधी दाराला कडी घातली, मग त्याला सांगितलं. जहाजाच्या इंजिनाची घरघर पलीकडून ऐकू येत होती.

“जुलैत तू नागपूरला गेली होतीस ना?” तो म्हणाला. “शाळेच्या ट्रेनिंगला?”

“हो. चार दिवस.”

“सुरुवातीलाच ना? उठल्या उठल्या?”

“निनाद, तू काय विचारतोयस?”

“काही नाही. तारखा जुळवून बघतोय. मी फक्त विचारतोय.”

तिनं त्याला सांगितलं की गर्भाची चाचणी करता येते, जहाजावरच्या डॉक्टरकडून तुझं रक्त तपासून घे आणि अहवाल पाठव. “म्हणजे निदान तुझं नाही एवढं तरी पक्कं कळेल आणि मला पोलिसांत जाता येईल,” असंही ती म्हणाली. तो “बघतो” म्हणाला. पुढच्या रविवारी तो म्हणाला, डॉक्टर रजेवर आहे. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला नाही.

मधल्या काळात डॉ. हजारेंना ही गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. त्यांनी नाव न घेता ती नागपूरच्या एका पशुवैद्यक मित्राला सांगितली. डॉ. सुबोध कामडी आठ वर्षं टास्मानियात एकिडनांच्या मागे फिरले होते. ते त्याच आठवड्यात चंद्रपूरला आले. हजारेंच्या दवाखान्यात, दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात त्यांनी सानिकाला समोर बसवलं.

“एकिडना सस्तन आहे, पण अंडं घालतो, हे तुम्हाला ठाऊक असेल,” ते म्हणाले. “मादी ते अंडं पोटावरच्या पिशवीत ठेवते. दहा दिवसांत पिल्लू बाहेर येतं, शेंगदाण्याएवढं. आईला सड नसतात. कातडीतून दूध झिरपतं, ते चाटून पिल्लू वाढतं. हे सगळं पुस्तकात आहे. पण तिकडे थंडी फार. मादी शीतनिद्रेत असते, नर आधी जागे होतात आणि तिला शोधून काढतात. कधी कधी असं होतं की मादी गाभण राहते आणि पुन्हा झोपून जाते.”

“गाभण असताना?”

“हो. पोटातला जीव तेव्हा वाढत नाही. मरतही नाही. आईचं अंग गार झालं की तोही थांबतो, आणि ती उठली की पुढे चालू लागतो. आम्ही बाहेरून दिवस मोजायचो आणि आमचा हिशेब दर वेळी चुकायचा.”

सानिकानं हजारेंकडे पाहिलं. हजारे हातातल्या पेनाकडे पाहत होत्या.

“तुमचे पती निघाले आणि चार दिवसांनी तुम्हाला सुई दिली,” कामडी पुढे म्हणाले. “चार-पाच दिवसांचा गर्भ म्हणजे पेशींचा एक गोळा. तो अजून गर्भाशयाला चिकटलेलाही नसतो. रक्तात त्याची खूण नसते, म्हणून तपासणीत तो दिसत नाही. मग तुम्ही थंड झालात. तोही थांबला असेल. तुम्ही जूनच्या अखेरीला उठलात आणि तिथून त्याचे दिवस सुरू झाले.”

“असेल म्हणजे?”

“म्हणजे माणसात हे कुणी पाहिलेलं नाही. कुणी बघायला गेलेलं नाही, असंही असेल.”

सानिकाला पहिल्यांदा हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकेपणाचीच भीती वाटली. हवं ते ऐकायला मिळालं म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो आहोत का, हे तिला कळेना. “तुम्ही म्हणता ते चुकीचं असेल तर?” तिनं विचारलं.

कामडींनी उत्तर टाळलं नाही. “तर तुमच्या बाबतीत एक गुन्हा घडलाय. चाचणीशिवाय दोन्हीतलं खरं कोणतं ते सांगता येणार नाही.”

“आणि काही ठरवायचं असेल,” हजारे म्हणाल्या, “तर दसऱ्यापर्यंत ठरवा. नंतर अवघड होईल.”

घरी आल्यावर सानिकानं हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी त्या प्राण्याबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले. अंडं केवढं असतं, पिशवी कुठे असते. मग बराच वेळ त्या भाजी निवडत राहिल्या.

“निनादनं रक्त पाठवलं का?”

“नाही.”

“पाठवणार आहे का?”

“माहीत नाही, आई.”

मेथीची जुडी बाजूला सारून ज्योत्स्नाबाईंनी दंडावरची बाही वर केली. “माझं चालते का विचार त्या डॉक्टरले. मी त्याची माय आहो. त्याच्यात जे आहे ते माझ्यातूनच गेलं असन.”

चालत होतं. आजीच्या रक्तावरून नातं पक्कं सांगता येईल इतकी चाचणी आता सुधारली होती. वेळ तेवढा जास्त लागणार होता. दोघींनी एकाच दिवशी रक्त दिलं. सुई टोचताना ज्योत्स्नाबाईंनी मान फिरवली आणि सानिकाचं मनगट धरलं. ते त्यांनी रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

अहवाल येईपर्यंतचे दिवस सानिकानं शाळेत काढले. सातवीला ती मोसमी वारे शिकवत होती. रात्री अंथरुणावर ती पोटावर हात ठेवायची आणि काढून घ्यायची. आत जे आहे ते कुणाचं, यावर त्याच्याबद्दल काय वाटायचं ते अवलंबून असावं, हे तिला बरोबर वाटत नव्हतं. पण तसंच होतं. तिनं स्वतःशी तेवढं कबूल केलं.

डॉ. हजारेंनी दोघींना बोलावून घेतलं आणि कागद पुढे करण्याआधीच सांगितलं, “बाळ येरगुड्यांचंच आहे. शंका नाही.”

सानिका रडली नाही. ज्योत्स्नाबाई रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि तिथूनच मुलाला लावला. तो उचलेपर्यंत त्यांनी तीनदा लावला.

“निनाद, आई बोलतो. पोर तुझंच आहे. तुझं रक्त नाही लागलं, माझं पुरलं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

निनाद डिसेंबरात आला. पुढचा करार त्यानं घेतला नव्हता. बाळ होईपर्यंत आणि नंतरही काही महिने तो घरीच राहणार होता. तो पहाटे उठून पाणी भरायचा, सानिकाला शाळेत सोडायला बल्लारपूरपर्यंत जायचा. एकदा वाटेत तो म्हणाला, “मी तुझ्यावर काही आरोप केला नव्हता.”

“नाही. तू विचारलंस,” ती म्हणाली.

“तिकडे एकटा होतो. डोकं चालत नव्हतं.”

“मीही एकटीच होते.”

त्याच्याशी ती नीट बोलायची, हसायचीही. पण पूर्वी दिवसभरातलं सगळं त्याला सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे, ते आता राहिलं नव्हतं. त्याला ते कळत होतं.

पुढे काय झालं ते पुष्कळांना ठाऊक आहे. मार्च सरता सरता सानिकाला मुलगा झाला. तो उन्हाळा तिनं जागून काढला, ओल्या चादरी खिडक्यांना बांधून, आणि ज्योत्स्नाबाईही खाली उतरल्या नाहीत. पोटाशी अंडं असताना एकिडनाची मादीही अंग गार पडू देत नाही, असं कामडींनी फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तिले कोणी शिकवलं नसन, पण बरोबर करते.” कामडींचा शोधनिबंध गाजला. निजघरांनी बायकांसाठी नियम बदलले. वर्षभरातच उलटाही प्रकार सुरू झाला. कुणी परीक्षेसाठी, कुणी बढतीसाठी, तर कुणी नवरा परदेशातून येईपर्यंत म्हणून पोटातले दिवस थांबवून मागू लागलं. त्यासाठी वेगळी दालनं निघाली. मोटारीच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलावं तसं लोक त्याबद्दल बोलू लागले.

पण हे सगळं नंतरचं. त्याआधी, जानेवारीत, सानिकाला सातवा सरत असताना कामडींचा फोन आला होता.

तुमच्या आधीही उन्हाळे झालेत, हा विचार मला झोपू देत नाही, असं ते म्हणाले. त्यांनी डॉक्टरांकडे चौकशी केली होती. आधीच्या उन्हाळ्यांनंतर चंद्रपूर आणि वणी भागात काही बायका अशाच न जुळणाऱ्या तारखा घेऊन दवाखान्यांत आल्या होत्या. बहुतेकींनी गर्भ पाडला होता. एकीनं पाडला नव्हता. वरोऱ्याची प्रणिता ढवस. नवरा गुजरातेत कामाला होता. त्यानं तिला माहेरी पाठवून दिलं होतं. “तिला सांगायला हवं,” कामडी म्हणाले, “तिच्या डॉक्टरांनी विचारलं, ती भेटायला तयार आहे. पण ते माझ्या तोंडून नको. तुम्ही याल का?”

निनादनं गाडी काढली. ज्योत्स्नाबाई मागे बसल्या. प्रणिताच्या माहेरी पोचल्यावर निनाद म्हणाला, “मी इथेच थांबतो,” आणि कुणी ये म्हटलं नाही.

प्रणिता पंचविशीची होती. ओसरीवर शिलाईचं मशीन होतं, त्यावर कुणाचं तरी अर्धं शिवलेलं ब्लाऊज. तिची आई आत लहान मुलीला झोपवत होती. सानिकानं ओळख करून दिली आणि सगळं सांगितलं. निजघर, तारखा, एकिडना, सासूबाईंचं रक्त. सांगताना तिनं काही गाळलं नाही. प्रणिता ऐकताना तिच्या पोटाकडे पाहत होती.

“माझ्या नवऱ्यानं तर कुणाचं ते नाव विचारलं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, कुणी नाही. मग सगळे म्हणाले, झोपेत कुणीतरी केलं असेल. मलाही तेच खरं वाटलं. दुसरं काय वाटणार?” तिनं दाराबाहेर उभ्या गाडीकडे मान केली. “ते कोण?”

“माझे मिस्टर.”

“त्यांनी विचारलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“आणि तुम्ही सोबत राहता.”

“राहते,” सानिका म्हणाली. “पुढचं ठरवलेलं नाही.”

ज्योत्स्नाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही.

प्रणितानं ब्लाऊज मशीनवरून काढून त्याची घडी घातली. “मी तिला जन्म दिला, पण जवळ नाही घेतलं,” ती म्हणाली. “दूध पाजलं थोडे दिवस, डोळे मिटून. मग आईच करते तिचं सगळं. तोंडाकडे पाहिलं की मला वाटायचं, हे नाक कुणाचं, ही हनुवटी कुणाची. कान मात्र त्याचेच दिसायचे, माझ्या नवऱ्याचे. मी म्हणायची, भास होतोय.”

“तुमच्या मिस्टरांचं रक्त मिळालं तर चाचणी करता येईल,” सानिका म्हणाली. “त्यांच्या आईचंही चालतं.”

“करू. सगळं करू. त्यांना कागद लागेल.” ती उठली. “मला नाही लागत.”

ती आत गेली. आतून तिच्या आईचा आवाज आला, “अगं, आत्ताच डोळा लागलाय तिचा.” मग प्रणिता मुलीला घेऊन बाहेर आली. दोन वर्षांची होत आलेली, झोपेनं केस विस्कटलेली मुलगी. मशीनजवळच्या खुर्चीत बसून प्रणितानं तिला मांडीवर घेतलं. घेण्याची सवय नव्हती. मुलीचा एक पाय खाली लोंबत राहिला. मुलीनं डोळे उघडले, मांडी कुणाची ते पाहिलं आणि आजीकडे दोन्ही हात लांब करून रडायला लागली.

आजी पुढे झाली. “दे इकडे, तिला तुझी सवय नाही.”

प्रणितानं तो लोंबणारा पाय उचलून नीट मांडीवर घेतला आणि मुलीला आणखी जवळ ओढलं. मुलगी पाठ ताठ करून रडत होती, तिच्या खांद्यावर मुठी आपटत होती.

“नको, आई,” प्रणिता म्हणाली. “रडू दे तिला माझ्याकडे.”